ऑफच्या पुढे

बेलापूरला, कोकण भवनाच्या मागच्या गल्लीत,
‘झेरॉक्स, लॅमिनेशन, इंग्रजी अर्ज करून मिळतील’
या पाटीखाली मी बसते.
आधी ‘मिळतिल’ होतं.
पेंटरला परत बोलावून दीर्घ करून घेतलं,
वर चाळीस रुपये देऊन.

हिराजी गोमा मढवी, मुक्काम घणसोली,
दुधाच्या पिशवीतून परत आलेला अर्ज काढतात.
कुणा टायपिस्टाने थाटात सुरुवात केलीय :
इन लिऊ ऑफ युअर लेटर, अमुक तारखेचं.
खाली लाल पेनाची रेघ
आणि समासात एक प्रश्नचिन्ह, गळासारखं.

“काय चुकलाय?”
काका, याचा अर्थ झाला तुमच्या पत्राऐवजी.
म्हणजे साहेबांचं पत्र उठवून
त्याच्या जागी तुम्ही जाऊन बसलात.
ते हसतात. “तसा बसाला मिलाला तं…”
वाक्य पुरं करत नाहीत.

मला हे कुरियन सरांनी शिकवलं,
नेरुळला, बारा मशिनींच्या क्लासात,
जिथे सात मशिनींचा ‘ई’ अडकायचा.
स्पेलिंग विसरतेस? पहिली तीन अक्षरं खोटं,
चौथं तू.
आणि नीट ऐक, ऑफच्या पुढे येतं ते गेलेलं असतं,
इनच्या आधी येतं ते मिळालेलं.
उलटं टाईप केलंस तर घेणाराच देणेकरी,
आणि खाली सही तुझ्या गिऱ्हाइकाची.

सरावाला पन्नास वाक्यं दिली होती.
रविवारच्या कामाच्या बदल्यात बुधवारची रजा.
नोटिशीऐवजी एका महिन्याचा पगार.
मी एक माझ्या मनाचं लिहिलं, पावसाच्या बदल्यात छत्री.
सरांनी खोडलं.
पाऊस कुठे गेलाय, म्हणाले,
तो तर पडतोच आहे.

तर आता नवा कागद.
एक भूखंड, इतके चौरस मीटर, इन लिऊ ऑफ…
कर्सर लुकलुकतो.
काका, आता गेलेलं सांगा.

सर्व्हे नंबर सांगतात, हिस्सा नंबर सांगतात,
तोंडपाठ, नातवंडांची नावं घ्यावीत तसे.
मग थांबत नाहीत.
“खारीचा बांध लिव. बांधावरचा उंबर.
उघाडी लिव, जितनं भरतीचा पानी आत यायचा.
आयशीची निवटी धराची जागा.
ती कुनाच्या नावावं नव्हती.”

व्याकरणाची हरकत नाही.
ऑफच्या पुढे कितीही नामं चालतात,
शेवटच्याआधी एक अँड घातला की झालं.
फॉर्मात मात्र एकच ओळ आहे,
आणि तिच्या टोकाला चौकट, हेक्टर-आरची.

मी जमीन लिहिते. क्षेत्र लिहिते.
मग फॉन्ट दोन अंकांनी लहान करते.
बांध बसतो.
उंबर बसतो, उघाडी जरा चिमटून बसते.
निवट्यांना इंग्रजी शब्द मला येत नाही.
फिश टाकू का?
“मच्छी नय. निवटी.”
मी एन, आय, व्ही, टी, आय अशी एकेक कळ दाबते.
मशीन खाली लाल नागमोडी रेघ ओढतं,
साहेबांच्याही आधी.
राहू देते.

तीन प्रती, तीस रुपये.
त्यांच्याकडे पाचशेची नोट, माझ्या गल्ल्यात सुट्टे नाहीत.
पिशवीच्या तळाशी हात घालून
ते सुकटीची पुडी काढतात, काउंटरवर ठेवतात,
आणि मी नको म्हणायच्या आत पायरी उतरतात.

वहीत नोंद करावी लागते, मालक तपासतो.
सुकट, पुडी एक, इन लिऊ ऑफ रुपये तीस.
वाचून बघते.
गेलेलं पुढे, मिळालेलं आधी.
बरोबर आहे.

संध्याकाळपर्यंत जो येतो तो नाक वर करून विचारतो,
मॅडम, इथे काय ठेवलंय?